ताठ मानेचा पंखा आणि बारक्याचं वजन

मी एक जुना टेबल पंखा आहे. मित्रांनो, 'होतो' नाही, आहे. माझी मान फिरत नाही, पुढची जाळी एका अंगाला चेपलेली आहे आणि तीन नंबरवर लावलं तर माझा आवाज शेजारच्या इमारतीत जातो. पण वारा? या, समोर बसा आणि मग बोला.

जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, असा रिवाज आहे. मी आणणार नाही. तुमची कीव तुमच्याजवळ ठेवा. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे आणि ती मी शेवटी बजावून मागणार आहे.

माझा जन्म बिबवेवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रंगनाथ नावाच्या माणसाचा तो कारखाना. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. तीन-चार माणसं, एक ड्रिल मशीन, मोटारीला तार गुंडाळायचं एक टेबल आणि सगळीकडे रंगाचा वास. पाती बसवली की रंगनाथ मला बोटाने फिरवून सोडून द्यायचे. एकच पातं पुन्हा पुन्हा खाली येऊन थांबलं, की ते जड. मग बाकीच्या दोन पात्यांना मागून शिशाचे तुकडे बसायचे. "पंखा उन्हाळ्याने मरत नाही," ते म्हणायचे, "हेलकाव्याने मरतो." म्हणूनच मी अजून मेलो नाही.

मग देशाची दारं उघडली. बरं झालं म्हणतात. झालं असेल. पण त्या उघड्या दारांतून आमच्या शेडमध्ये काय आलं ते मी सांगतो. प्लास्टिकचे पंखे आले. गुलाबी, पोपटी, एका हातात मावणारे. गिऱ्हाईक एका हाताने तो उचलायचं, दुसऱ्या हाताने मला उचलायचं आणि म्हणायचं, "बाप रे, केवढा जड!" झाला निकाल. चालवून बघायची तसदी कुणी घेतली नाही. दोन उन्हाळ्यांत शेडला कुलूप लागलं. पुढे तिथे संगणकाचा क्लास निघाला आणि पोरं आत बसून घामाघूम होत परदेशी कंपन्यांची स्वप्नं बघू लागली. वर पंखा होता. प्लास्टिकचा. पुरत नव्हता.

मी आलो सदाशिव पेठेत, सुशीलाबाईंच्या घरी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. वरच्या मजल्यावरच्या खोल्या शिकणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या. जिन्यात पाटी होती : 'दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. उघडल्यास पस्तावाल.'

त्या खोल्यांत मी माझी उमेदीची वर्षं काढली. संगणक शिकणाऱ्या मुली आल्या, नोकऱ्या लागून गेल्या. तेव्हा माझं काय कौतुक! 'आमचा राजा' म्हणायच्या मला. त्यांतल्याच एकीने वारा आपल्याकडे यावा म्हणून माझी मान जोर लावून वळवली आणि आतली दातेरी चकती तुटली. तेव्हापासून माझी मान वळत नाही. कुणी दुरुस्त केली नाही. पुढे कूलर आला आणि राजाची रवानगी माळ्यावर झाली. वर्षानुवर्षं मी गणपतीची मखरं आणि फुटक्या बादल्या यांच्या संगतीत पडून होतो. रडलो नाही. पंख्याला रडता येत नाही, आणि आलं असतं तरी बादल्यांसमोर मी रडलो नसतो.

मग एका मे महिन्यात सुशीलाबाईंनी माळा काढला आणि मला भंगारवाल्यासमोर उभं केलं. त्याने मला दांडीला धरून उचललं आणि हातानेच अंदाज केला. नेमकी त्याच वेळी एक सडपातळ मुलगी जिना चढत होती. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला संगणकाचा डबा. पुसदची नम्रता. खगोलशास्त्रात पीएच.डी. करायला आलेली.

"काकू, हा चालते का?" तिने विचारलं.

"चालत असता तर आपला आपण खाली उतरला असता," सुशीलाबाई म्हणाल्या.

नम्रताने वायर लावली. मी फिरलो. भंगारवाल्याने निमूट गोणी खांद्यावर टाकली.

त्या मुलीने मला पुसलं. आणि मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, तिने मागची जाळी काढून पुसलं. आजवर सगळ्यांनी समोरून फडकं मारलं होतं. मागे बोटभर धूळ होती.

माझं काम होतं तिचा संगणक गार ठेवणं. संस्थेत तिला मशीन होतं, पण सुट्टीच्या दिवशी ती खोलीतच काम करायची. संगणकाची एक बाजू उघडी, शेजारी मी. खोलीतली दुसरी मुलगी अपूर्वा. मूळची सांगलीची, नोकरीला हिंजवडीत. सकाळी बसने जायची, अंधार पडल्यावर चिडून परत यायची.

"तू दिवसभर नक्की करतेस काय गं?" अपूर्वाने एकदा विचारलं.

"कृष्णविवरांचं वजन," नम्रता म्हणाली.

"तराजू कुठाय?"

नम्रता हसली आणि तिला समजावू लागली. तेव्हाच मलाही समजलं. मी शाळेत गेलेलो नाही. मला कळलं तर तुम्हालाही कळेल.

आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका अवकाशात आहेत. त्यांच्या पोटात एकेक प्रचंड कृष्णविवर बसलेलं असतं. ते दिसत नाही. पण त्याच्याभोवती वायू गरगर फिरतो, पसरट तबकडीसारखा, आणि तो वायू चमकतो. फिरता फिरता काही वायू आपल्याकडे येतो, काही आपल्यापासून लांब जातो. त्यामुळे वर्णपटातली त्याच्या प्रकाशाची बारीक रेघ दोन्ही बाजूंना फाकते. रेघ जितकी रुंद, तितका वेग जास्त. त्या रेघेची चमक किती, यावरून वायू विवरापासून किती लांब फिरतोय ते कळतं. वेग कळला, अंतर कळलं, की मधे बसलेल्याचं वजन निघतं. झाला तराजू.

यातल्या काही दीर्घिका तापट असतात. तबकडीच्या मधोमध उभा एक झोत सोडतात. तो झोत नेमका आपल्या दिशेने आला तर आपल्याला त्यातून गॅमा किरण मिळतात, क्ष-किरणांपेक्षाही जहाल. हे किरण टिपणारी दुर्बीण त्या सुमारास पृथ्वीभोवती फिरू लागली होती. तिने दाखवलेल्या तापट दीर्घिकांची वजनं काढणं, हा नम्रताचा प्रबंध.

त्यांतल्या एकीला संस्थेत सगळे 'बारक्या' म्हणायचे. तिच्या रेघा अगदी अरुंद होत्या, म्हणून वजन निघायचं जेमतेम एक कोटी सूर्यांचं. तुमच्या-आमच्या हिशोबात मोठं, पण या तापट मंडळींत ते म्हणजे पहिलवानांच्या आखाड्यात बालवाडीतलं पोर. हे वजन नम्रताचे मार्गदर्शक, डॉ. यज्ञेश्वर आठल्ये यांनी काढलं होतं. 'एवढ्या लहान विवरातून एवढा मोठा झोत!' या शोधावर त्यांचं नाव झालं होतं.

नम्रताने तबकडीच्या स्वतःच्या उजेडावरून, म्हणजे वेगळ्याच वाटेने, वजन काढून पाहिलं. तीस कोटी सूर्य.

एका संध्याकाळी ती संस्थेतून आली आणि पिशवी कॉटवर आपटली.

"काय झालं?" अपूर्वाने विचारलं.

नम्रताने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि सरांचा आवाज काढला. "'नम्रता, तुमचं गणित छान आहे. पण रेघ खोटं बोलत नाही.' मी म्हटलं, सर, रेघ खोटं नाही बोलत, पण आपण वरून बघून राहिलो. तबकडी आपल्याकडे तोंड करून आहे. वायू आडवा फिरते, आपल्याकडे येतच नाही, जातही नाही. मग रेघ रुंद होईल कशी? तर म्हणे, 'कोन तुम्ही मोजलाय का? नाही ना? मग ज्याचा कोन माहीत नाही त्याच्यावर खापर फोडू नये.'"

"मग?"

"मग मी फक्त एक शब्द घालते म्हटलं. 'किमान'. किमान एक कोटी. तेवढंही नको त्यांना. 'तो शब्द काढा, सही घ्या. नाही तर बारक्यालाच तक्त्यातून काढा.'"

"अगं, मग काढ ना! एक शब्द तर आहे."

"माहीत आहे एकच आहे."

"सिरियसली, नम्रता. तुझी फेलोशिप संपतेय. पुढच्या महिन्यात समितीसमोर सेमिनार. सरांनी तिथे नाही म्हटलं तर पाच वर्षं पाण्यात. माझ्या कंपनीत जागा आहेत, मी रेफर करते. पण आधी डिग्री तरी पदरात पाडून घे."

नम्रता संगणकाकडे वळली. मी फिरत होतो, तिचे केस उडत होते.

रविवारी वडिलांचा, नागोरावांचा फोन आला. ते मोठ्याने बोलत, त्यामुळे खोलीला सगळं ऐकू यायचं.

"काय करून राहिली बाई? झालं का तुझं ते भोक मोजून?"

"होऊन राहिलं बाबा. सर म्हणतात बारीक हाय. मी म्हणते मोठं हाय."

"मग तुले कोण विचारते? सर म्हणते तेच खरं."

"बाबा, तुम्ही जिनिंगमध्ये काट्यावर होते ना? कापसाची गाडी काट्यावर चढली, पण मागचं चाक बाहेर राहिलं, तर वजन काय लिहायचे?"

"मागचं चाक बाहेर?" नागोरावांनी विचारलं. मग म्हणाले, "लिहीत नव्हतो. गाडी पुढं घे म्हणायचो." आणि लगेच, "तू घे गाडी पुढं. पण जेवत जा."

दुसऱ्या दिवशी नम्रता इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून एक इवलासा बजर घेऊन आली. बटणाएवढ्या बॅटरीवर किंचाळणारा. तो तिने माझ्या एका पात्याला टोकाशी चिकटवला, जाळी लावली आणि बटण दाबलं. रंगनाथ तिथे असते तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता! एका पात्यावर वजन, मग काय होणार? मी थडथडत टेबलावरून चालत निघालो आणि कॉटवर तोंडघशी पडलो. जाळीला आलेला पोचा तेव्हाचाच. स्वतःच्या पायाने केलेला माझ्या आयुष्यातला एकमेव प्रवास तो हाच.

नम्रताने मला उचललं, जरा विचार केला आणि पुन्हा तपकीर गल्ली गाठली. आणखी दोन तसेच बजर आणले, बॅटरीसकट, पण मुके ठेवलेले. उरलेल्या दोन पात्यांना ते चिकटवले. आता तोल साधला. एक नंबरवर मी संथ फिरू लागलो आणि बजर ओरडू लागला.

वेळ दुपारी अडीचची.

धाडकन दार उघडलं. दारात सुशीलाबाई. "पाटी वाचता येते ना? का तीही वजन करून बघायची?"

"सॉरी काकू. बस, दोनच मिनिटं. एकसारखा एक सूर तर आहे."

"एकसारखा? कान धुऊन या. वर-खाली, वर-खाली, कुईंव कुईंव चाललंय मेलं. डोकं उठलं माझं."

नम्रता माझ्यासमोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर वारा येत होता. सुशीलाबाई दारात होत्या, माझ्या अगदी बाजूला. त्यांच्या पदराचं टोकही हलत नव्हतं. नम्रता उठली आणि दारात जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. कुईंव कुईंव. पुन्हा समोर आली. सपाट, एकच सूर. मग तिने सुशीलाबाईंचा हात धरला आणि त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं.

"काकू, आता?"

सुशीलाबाईंनी कान दिला. "आता सरळ वाजतोय. काय बदललंत?"

"काहीच नाही. तुम्ही जागा बदलली."

"हं," सुशीलाबाई म्हणाल्या. "वाराही बरा लागतो इथे." आणि चारपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

कळलं का मित्रांनो? पात्याच्या टोकाला बसून ओरडणारा बजर बाजूने ऐकणाऱ्याकडे धावत येतो आणि लांब पळतो, म्हणून त्याचा सूर चढतो आणि उतरतो. समोर बसलेल्यासाठी तो नुसता गोल फिरतो, जवळही येत नाही, लांबही जात नाही. वेग तोच. पण ज्याच्या तोंडावर माझा वारा लागतो, त्याला तो वेग कळत नाही!

सेमिनारच्या दिवशी अपूर्वाने रजा काढली. मला स्कूटीवर दोघींच्या मधे बसवलं आणि आम्ही संस्थेत गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "हे काय?" अपूर्वा म्हणाली, "पाहुणे वक्ते."

खोलीत लांब टेबल. मला एका टोकाला ठेवलं, वायर बाजूच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये. माझ्या बरोबर समोर आठल्ये सर. बाजूच्या खुर्च्यांवर समिती, त्यात बाहेरून आलेल्या मंदाकिनी मॅडम. अर्धा पाऊण तास नम्रताने बाकीच्या दीर्घिकांची वजनं सांगितली. माना डोलत होत्या. मग पडद्यावर बारक्या आला आणि त्याच्यापुढे तो शब्द. किमान.

"हा शब्द काढायचं आपलं ठरलं होतं," आठल्ये सर म्हणाले.

"आपलं नाही सर. तुमचं ठरलं होतं," नम्रता म्हणाली आणि तिने मला सुरू केलं.

बजर ओरडू लागला. सरांच्या पुढचे कागद उडाले. त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरले.

"सूर कसा ऐकू येतोय, सर?"

"कसा म्हणजे? एकसुरी. हा काय पोरखेळ आहे?"

"एकसुरी?" मंदाकिनी मॅडम बाजूने म्हणाल्या. "अहो, चांगला चढतोय उतरतोय की."

"सर, तुम्हाला वारा लागतोय ना?" नम्रता म्हणाली. "म्हणून सूर सपाट ऐकू येतोय. बारक्याचे गॅमा किरण आपल्याला मिळतात, म्हणजे त्याचा झोत आपल्या तोंडावर आहे. हे तुमच्याच शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर आहे. मग सहाव्या पानावर रेघ मोजताना आपण बाजूला बसलोय असं कसं धरलं?"

सरांचे हात कागदांवरून सुटले.

"पंख्यावरून दीर्घिका मोजणार तुम्ही?" सरांचा आवाज चढला.

"नाही सर. दीर्घिका मी रेघेवरूनच मोजली. पंखा फक्त आपण कुठे बसलोय ते सांगतो."

"बंद करा ते!"

नम्रता हलली नाही. मीही नाही. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. पाच वर्षं, फेलोशिप, पुसदचं घर, सगळं त्या हातांत होतं. एक शब्द काढायचा आणि सुटायचं. तिने काढला नाही.

मग सर स्वतःच उठले. तावातावाने भिंतीकडे गेले, बटण बंद करायला. आणि मित्रांनो, ते बटण बाजूच्या भिंतीवर होतं.

बटणावर त्यांचं बोट पोचलं आणि थांबलं.

कुईंव कुईंव. कुईंव कुईंव.

मी ते बोट पाहत होतो. माझी मान वळत नाही, पण जाळीच्या कडेतून मला दिसत होतं. सर तसेच उभे राहिले, पाठ सगळ्यांकडे. मग त्यांनी बटण दाबलं. मी हळूहळू थांबलो. ते जागेवर येऊन बसले, विस्कटलेले कागद नीट केले आणि पडद्याकडे न बघता म्हणाले, "पुढे चला."

"किमान?" मंदाकिनी मॅडमनी विचारलं.

"पुढे चला म्हटलं ना. राहू दे."

त्यांनी चूक कबूल केली का? नाही. शाबासकी दिली का? छे! मला त्याची गरज नव्हती आणि नम्रतालाही नव्हती. शब्द राहिला.

मंदाकिनी मॅडमनी शेवटी विचारलं, बारक्याला बाजूने बघायची काही सोय आहे का? नम्रताकडे उत्तर तयार होतं. त्याच्या आजूबाजूच्या धुळीवर आपटून थोडा प्रकाश आपल्याकडे वळतो, बाजूला धरलेल्या आरशासारखा. तेवढाच प्रकाश वेगळा गाळला, तर बाजूने दिसणारी रेघ मिळेल. त्यासाठी परदेशातली मोठी दुर्बीण लागणार होती. पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या अर्जावर आठल्ये सरांची सही होती, तो मंजूर झाला. आरशातली रेघ पाचपट रुंद निघाली. वजनात वेग दोनदा गुणला जातो, म्हणून वजन पंचवीसपट. पंचवीस कोटी सूर्य. दुसऱ्या वाटेने काढलेल्या तीस कोटींच्या अगदी शेजारी. संस्थेत अजून त्याला बारक्याच म्हणतात. म्हणू देत.

नम्रता आता धायरीत राहते, कॉलेजात शिकवते. जाताना सुशीलाबाई म्हणाल्या, "पंखा घेऊन जा. इथे ठेवलात तर दुपारी मला झोप यायची नाही, त्याच्यासमोर बसावंसं वाटतं." मी तिच्या खिडकीशी असतो. पात्यावर बजरच्या डिंकाचा डाग आहे. तो मी मिरवतो.

तर मित्रांनो, आता माझी मागणी. मला भंगारात द्यायचं तर द्या, मी घाबरत नाही. पण आधी चालवून बघा. आणि पुसणार असाल तर समोरून फडकं मारून मोकळे होऊ नका; मागची जाळी काढा, तिथे हात घाला. आणि कुणी ताठ मानेने येऊन तुम्हाला सांगितलं, की अमका हलका आहे, तमका बारका आहे, तर त्याला माझ्यासारखंच ताठ मानेने विचारा :

"तुम्ही बसला होतात कुठे?"